काळी घोडी, तांबडा घोडा, मग शिंगरू सोनेरी कसं?

तुमची घोडी काळीभोर, घोडा तांबडा आणि शिंगराचं अंग सोनेरी, आयाळ पांढरी. म्हणून बाप दुसराच आहे का, असं तुम्ही विचारलंय. घोड्याला लगेच दोष देऊ नका. मला शंका आहे ती घोडीच्या काळेपणाची.

घोड्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबडं. डायल्यूशन जनुकं नवा रंग आणत नाहीत, असलेला फिका करतात. पण कोणतं जनुक कोणत्या रंगाला हात लावतं ते ठरलेलं असतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. क्रीम जनुकाची एक प्रत तांबडा रंग फिका करते, काळ्याला जवळजवळ शिवतही नाही. तांबड्या घोड्यात ती आली की पालोमिनो, म्हणजे तुमचं शिंगरू. तपकिरी अंगाच्या, काळ्या आयाळीच्या घोड्यात आली तर अंग पिवळसर होतं, आयाळ काळीच राहते; तो बकस्किन. पूर्ण काळ्या घोड्यात मात्र फिकं करायला तांबडं नसतंच, त्यामुळे क्रीम दडून राहतं. अशा घोड्याला स्मोकी ब्लॅक म्हणतात, आणि नुसत्या डोळ्यांनी तो बहुतेकदा ओळखू येत नाही.

तुमच्या घोडीत क्रीम असं दडलेलं असावं, आणि सोबत तांबड्याचं जनुकही. तांबडा रंग दिसायला ते आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. तांबड्या घोड्याकडे दुसरं द्यायला नसतंच. घोडीकडून तांबडं येण्याची शक्यता निम्मी, क्रीमची निम्मी, म्हणजे अशा जोडीला सोनेरी शिंगरू 4 पैकी 1 वेळा.

पुढे हे शिंगरू पालोमिनोशीच जुळवलंत तर 4 पैकी 1 वेळा क्रीमच्या दोन प्रती एकत्र येतील. ते पिल्लू क्रेमेलो: जवळजवळ पांढरं, गुलाबी कातडीचं, निळ्या डोळ्यांचं. लोक त्याला अल्बिनो म्हणतात, ते चूक आहे. ते निरोगी असतं.

सिल्व्हर जनुकाबद्दल मात्र खरंच सावध राहा. ते उलट वागतं, फक्त काळा रंग फिका करतं, म्हणून तांबड्या घोड्यात लपतं. त्याच्यासोबत डोळ्यांचे जन्मजात दोष येतात आणि दोन प्रती असतील तर ते जास्त गंभीर असतात.

घोडीच्या आयाळीचे मुळासकट उपटलेले केस क्रीमच्या चाचणीला पाठवा. बापाचा प्रश्न रंगावरून मिटणार नाही, त्याला पितृत्वाची डीएनए चाचणीच लागेल.