मानसिक आरोग्याची ॲप्स खरंच उपयोगी पडतात का? अशा स्टार्टअपमध्ये नोकरी घ्यावी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही ॲप्स उपयोगी पडतात का, अशा कंपनीत बॅकएंडची (सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळण्याची) नोकरी घ्यावी का, आणि कमी पगाराच्या बदल्यात मिळणाऱ्या शेअरना काही अर्थ असतो का. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अशाच एका स्टार्टअपच्या क्लिनिकल टीममध्ये काम करून बाहेर पडले, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर मला बोलायचंच आहे. बाकीच्या दोन्हींचं बघू.

उपयोगी पडतात. सगळी नाही आणि सगळ्यांना नाही, पण 'हे सगळं थोतांड' म्हणून हात झटकणारे माझे समव्यावसायिक मला पटत नाहीत. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, तिचा मोठा भाग गृहपाठाचाच असतो. मनात आलेला विचार लिहून काढा, त्याला पुरावा काय ते बघा, टाळत असलेलं एखादं छोटं काम ठरवून करा. हे कागदावर जमतं तसं फोनवरही जमतं. ऑस्ट्रेलियात मूडजिम हा सीबीटी शिकवणारा ऑनलाइन कार्यक्रम २००१ मध्ये आला, तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोनही नव्हते. जर्मनीत २०१९ च्या कायद्यानंतर डॉक्टर ठरावीक ॲप्स चक्क प्रिस्क्रिप्शनवर लिहून देतात आणि पैसे आरोग्य विमा भरतो. सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंता, निद्रानाश एवढ्यापुरता पुरावा बऱ्यापैकी आहे.

त्या पुराव्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आठवड्याला थोडा वेळ का होईना, 'कुठे अडलात?' असं विचारणारं कुणी असेल तर लोक टिकतात आणि फरकही जास्त पडतो. नुसतं ॲप हातात दिलं की गळतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ९३ अँड्रॉइड ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला होता. महिन्याभरानंतरही ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ३.३ टक्के.

हा आकडा कंपनीत पोहोचला की त्याचं काय होतं ते तुम्हाला आत गेल्यावर कळेल. 'लोकांना माणूस हवाय' असा अर्थ कुणी काढत नाही, 'रिटेन्शन वाढवा', म्हणजे लोकांना ॲपवर टिकवून धरा, असा काढतात. मग स्ट्रीक (सलग किती दिवस ॲप वापरलं त्याची मोजणी) येते, बॅज येतात, 'आम्हाला तुमची आठवण येतेय' छापाची नोटिफिकेशन येतात. ज्याला अंथरुणातून उठणं जिवावर आलंय त्याला सकाळी सकाळी 'तुमची स्ट्रीक तुटली' असं कळवायचं! यासाठी मी सभ्य शब्द शोधतेय.

माझं वाजलं ते मात्र नवव्या प्रश्नावरून.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली तुम्ही पाहिली असेलच. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७, दहा किंवा जास्त आले की नीट तपासायचं. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा नववा प्रश्न. आमच्या ऑनबोर्डिंगमध्ये, म्हणजे ॲप पहिल्यांदा उघडल्यावरच्या प्रश्नांमध्ये, बरेच लोक त्या प्रश्नापाशी थबकायचे आणि तिथूनच ॲप बंद करायचे. प्रॉडक्ट हेडने मीटिंगमध्ये फनेलचा, म्हणजे कुठल्या पायरीवर किती लोक गळतात त्याचा, आलेख लावला आणि म्हणाला, हा प्रश्न काढून टाकू. नववा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ आहे की, तीही प्रमाणित आहे.

गडी अभ्यास करून आला होता. पीएचक्यू-८ खरंच आहे, तिचा कट-ऑफही दहाच, आणि गुण नऊ प्रश्नांच्या चाचणीशी छान जुळतात. पण ती वापरतात कुठे? अमेरिकेत २००६ च्या एका प्रचंड टेलिफोन सर्वेक्षणात वापरली होती. ज्याला विचारतोय त्याच्यासाठी नंतर काही करता येणार नसेल तर त्याला हे विचारू नये, असा त्यामागचा विचार. म्हणजे आठ प्रश्नांची चाचणी निवडून आम्ही मुकाट्याने कबूल करत होतो की उत्तर 'हो' आलं तर आमच्याकडे करण्यासारखं काही नाही. आणि ॲपच्या पहिल्याच स्क्रीनवर मात्र 'चोवीस तास तुमच्यासोबत'! हे मी भर मीटिंगमध्ये बोलले. आवाजही चढला असेल.

एरवी अगं-तुगं करणारा तो, त्या दिवशी मला 'मॅडम' म्हणाला. "मॅडम, त्या प्रश्नाला हो म्हणणारे बहुतेक जण काहीही करणार नसतात. तुम्हीच ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतंत."

सांगितलं होतंच. त्या एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबल्या आहेत: जगण्याचा वीट येऊन मनात आलेला विचार, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार. त्यामुळे विनाकारण लाल झेंडे बरेच लागतात. म्हणून तर त्याच्या पुढचं माणसाने विचारायचं असतं. मनात नेमकं काय येतं, काही ठरवलं आहे का, आत्ता सोबत कोण आहे. थोड्या वेळाच्या बोलण्यात पुष्कळ उलगडा होतो, आणि बहुतेक वेळा समोरचा 'बरं झालं विचारलंत' म्हणतो. मी मागत होते ते एवढंच: नववा प्रश्न राहू द्या, आणि त्याला शून्याहून वरचं उत्तर आलं की पाळीवर असलेल्या एका प्रशिक्षित माणसाचा फोन वाजू द्या. सर्व्हर पडला तर रात्री दोनला कुणी उठायचं याचं रीतसर ऑन-कॉल वेळापत्रक त्याच कंपनीत होतं.

तो पुन्हा अगं-तुगंवर आला. "अगं, माणूस स्केल होत नाही. तू दिवसाला कितीशी माणसं बघतेस? ज्यांना दुसरं काहीच मिळणार नाहीये अशा लाखोंपर्यंत आपण पोहोचू शकतो. काहीच नसण्यापेक्षा आठ प्रश्न बरे की नाही?" संस्थापकांनी मान डोलावली. आठ प्रश्नांवर शिक्कामोर्तब झालं.

'काहीच नसण्यापेक्षा बरं' याचं उत्तर मला तिथे द्यायचं होतं, पण पुढची मीटिंग खोलीबाहेर उभी होती. इथे देते. त्याच्या वाचनात आलं तर उत्तमच.

काहीच नसणं आणि धीर करून मागितलेल्या मदतीला भिंतीकडून उत्तर येणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुसऱ्या प्रकारातून माणूस 'मदत मागून पाहिली, काही उपयोग नाही' एवढं शिकून बाहेर पडतो. असे लोक माझ्याकडे येतात, बऱ्याच उशिरा येतात, आणि पहिली काही सत्रं त्या अविश्वासातच जातात. ते कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाहीत, कारण डॅशबोर्डच्या लेखी ते ॲप अनइन्स्टॉल करून गेलेले असतात.

लाखोंचा हिशोबही तसाच. गुंतवणूकदारांच्या स्लाइडवर आम्ही 'वापरकर्त्यांच्या गुणांमध्ये लक्षणीय सुधारणा' असं छापायचो. हे वापरकर्ते म्हणजे ज्यांनी चाचणी दुसऱ्यांदा भरली ते. गळालेले धरलेच नव्हते. शिवाय माणूस असं ॲप डाउनलोड करतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यातले कित्येक काहीही न करता महिन्याभरात थोडे सावरतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर ते श्रेय कुणीही लाटावं.

आणि एआय. माणसं यंत्रापाशी मन मोकळं करतात, यात नवं काही नाही. संगणकशास्त्रज्ञ वायझेनबाउमने एमआयटीत एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्राम केला ती १९६६ ची गोष्ट, आणि त्याच्या सेक्रेटरीने तेव्हाच एलायझाशी एकांतात बोलता यावं म्हणून त्याला 'जरा बाहेर जाता का' म्हणून सांगितलं होतं. ऐकून घेतल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या थेराबॉट या एआय थेरपी चॅटबॉटचा निबंध आला. २१० लोक, तुलनेला गट, नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी. आमच्या माजी प्रॉडक्ट हेडने मला लगेच लिंक पाठवली, सोबत डोळा मारणारी स्मायली. मी निबंध वाचला आणि संशोधक संदेशांवर लक्ष ठेवून होते, गरज पडली तर स्वतः मध्ये पडायला तयार होते, हे लिहिलेला भाग त्याला परत पाठवला. उत्तर आलेलं नाही.

आता नोकरी. घ्यायची तर घ्या, पण मुलाखतीत ते तुम्हाला प्रश्न विचारतील तसे तुम्हीही विचारा. रात्री दोन वाजता धोक्याचं उत्तर आलं तर कुणाचा फोन वाजतो? 'त्यासाठी कार्ड दाखवतो, हेल्पलाइनचा नंबर असतो' असं उत्तर आलं तर समजून जा. क्लिनिकल टीमला एखादं फीचर थांबवता येतं का, आणि आजवर एकदा तरी थांबवलंय का? लोकांनी भरलेली उत्तरं कुठल्या जाहिरात कंपनीच्या पिक्सेलपर्यंत (माग काढणाऱ्या छुप्या कोडपर्यंत) पोहोचतात? बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीवर अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने नेमका हाच आरोप ठेवला, माहिती फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना जाहिरातींसाठी दिल्याचा, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. तुम्ही बॅकएंडचे, तर फिनलंडच्या वास्तामो या मानसोपचार कंपनीचं प्रकरण मुळातून वाचा. थेरपीच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने थेट रुग्णांना ईमेल करून खंडणी मागितली. डेटाबेस धड बंदिस्त नव्हता. म्हणजे तुमचंच खातं.

तुमची नोकरी किती टिकेल हे चांगुलपणावर ठरत नाही, हेही सांगून ठेवते. वोबॉट या सीबीटी चॅटबॉटचा २०१७ चा प्रयोग लहान होता, ७० तरुण, दोन आठवडे, पण तुलनेच्या गटासह केलेला होता. त्यांनी २०२५ च्या जूनअखेर ते ॲप बंद केलं. ॲपमधून उपचार देणाऱ्या पेअर थेरप्युटिक्स कंपनीकडे २०१७ पासून एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामकाची) परवानगी होती. २०२३ मध्ये दिवाळखोरी.

हे सगळं मी एका कंपनीच्या अनुभवावरून बोलतेय. चोवीस तास माणूस ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे माझ्या ओळखीचे लोक आनंदात आहेत. प्रॉडक्ट हेडही वाईट माणूस नव्हता, पैसे संपत आलेल्या कंपनीत पगार चालू ठेवायची जबाबदारी त्याच्यावर होती आणि माझ्यावर नव्हती. आणि हा प्रश्न नोकरीच्या निमित्ताने स्वतःसाठी विचारला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. औषधं चालू असतील तर कुठल्याही ॲपच्या भरवशावर बंद करू नका.

शेअरचं दुसऱ्या कुणाला तरी विचारा. माझे व्हेस्ट व्हायच्या, म्हणजे माझ्या हक्काचे व्हायच्या, आधीच मी राजीनामा दिला होता.