जेडला पाचू म्हणावं का? दगडाला नको, ताटात चालेल

प्रश्न असा आहे: चीनमधल्या यांगचौ-चेनच्यांग भागात गाडी करून, ठिकठिकाणचं स्थानिक खाणं खात फिरायचा बेत आहे. तिथल्या मेनूकार्डांच्या भाषांतरात सारखं ‘जेड’ दिसतं. मराठीत प्रवासवर्णन लिहिताना त्याला पाचू म्हणावं का?

दगडाबद्दल लिहीत असाल तर अजिबात नको. पाचू हे पैलू पाडायचं रत्न, बेरिल या खनिजाचा एक प्रकार, आणि तो हिरवा असलाच पाहिजे. चिनी लोक ज्याला ‘यू’ म्हणतात तो पूर्वापार नेफ्राइट नावाचा दगड. तेलकट झाक असलेला हा, आतले सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे सहजासहजी फुटत नाही. त्यातही सगळ्यात मानाचा पांढरा. पश्चिम चीनमधल्या खोतानच्या नदीपात्रात मिळणाऱ्या या पांढऱ्या जेडला चिनीत ‘मेंढीच्या चरबीचा’ असंच विशेषण आहे. आता ‘पांढरा पाचू’ लिहून बघा कसं वाटतं ते!

शिवाय पाचू म्हटलं की आपल्याला अंगठी आणि बुधाचा खडा आठवतो. ‘यू’चा पसारा फार मोठा. ‘लीची’ या प्राचीन ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी जेडच्या गुणांची यादीच आहे: मऊ झाक ही दया, धार असून न कापणं हा न्याय, ठोकल्यावर उमटणारा स्वच्छ नाद हे संगीत. 1968 साली उत्तर चीनमधल्या मानचेंगला लिउ शेंग या प्राचीन हान घराण्यातल्या राजाची कबर सापडली. त्याच्या देहावर नखशिखान्त जेडचा पोशाख होता, दोन हजारांहून जास्त चकत्या सोन्याच्या तारेने शिवलेला. हे सगळं ‘पाचू’ला पेलवत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, फारसीतला ‘यशम’, उर्दूत ‘संग-ए-यशब’. मोगलांना या दगडाचं भारी वेड होतं. शाहजहानचा 1657 सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा प्याला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मला ‘यशब’ आवडतो, पण आज लिहिलात तर तळटीप द्यावी लागेल. सरळ ‘जेड’ लिहा. हा शब्दही परकाच: कुशीतल्या दुखण्यावर गुणकारी म्हणून स्पॅनिश लोक याला ‘कुशीचा दगड’ म्हणत, त्याचं फ्रेंचमध्ये ‘जेड’ झालं.

ताटातली गोष्ट वेगळी. मेनूवर ‘जेड’ म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा चिनीत ‘यू’ नसतं, ‘फेइत्सुइ’ असतं. हे मुळात पाखराचं नाव, आपला खंड्या. ‘फेइ’ म्हणजे तांबडी पिसं, ‘त्सुइ’ म्हणजे निळी-हिरवी. अठराव्या शतकापासून ब्रह्मदेशातला झगझगीत हिरवा दगड चीनमध्ये येऊ लागला आणि पाखराचं नाव त्याला चिकटलं. (हा दगड नेफ्राइटहून वेगळा, त्याचं नाव जेडाइट, हे 1863 साली दामूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवलं.) पुढे ते नाव नुसत्या हिरव्या रंगासाठीही वापरात आलं.

यांगचौचा ‘फेइत्सुइ शाओमाय’ घ्या. शाओमाय म्हणजे सारण भरून वाफवलेली पुरचुंडी. पारी इतकी पातळ की आतल्या बारीक चिरलेल्या पालेभाजीचा हिरवा रंग बाहेरून दिसतो. वर हॅमचे कण. सारणात डुकराची चरबी आणि चांगली सढळ साखर असते, तेव्हा तिखटाच्या अपेक्षेने तोंडात टाकू नका. याला ‘पाचू शाओमाय’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण आपणही श्रावणातल्या डोंगराला पाचूची उपमा देतो, तेव्हा मनात रंगच असतो.

दोन्ही शब्द एकत्र आले की मात्र जपून. ‘मोती, फेइत्सुइ आणि पांढऱ्या यूचं सूप’ असा एक पदार्थ आहे. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग भुकेने मरायला टेकला असताना त्याला हे मिळालं, अशी दंतकथा सांगतात. यातले मोती म्हणजे भाताची शितं, फेइत्सुइ म्हणजे पालक आणि पांढरा यू म्हणजे टोफू. दोन्हींना पाचू म्हटलंत तर टोफूही हिरवा होऊन बसेल.

आणि ‘यूमी’ दिसलं तर गोंधळू नका. अक्षरशः ‘जेडचा तांदूळ’, पण तो साधा मका. तिथे मकाच लिहा.