रोज चालतो, तरी मन शांत का नाही?

“मॅडम, रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. शुगर आटोक्यात आली, पण डोकं काही थांबत नाही. चालल्याने मन शांत होतं म्हणतात, मग माझंच काय चुकतंय?” दादरचे एक निवृत्त गृहस्थ विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ही तक्रार माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात.

‘चालता कसे ते सांगा,’ म्हटलं. मनगटावर घड्याळ, दहा हजार पावलांचं लक्ष्य, मित्रांच्या ग्रुपवर आकडा टाकायचा. (हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या, पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या ‘दहा हजार पावलं’ अशा अर्थाच्या नावामुळे तो रूढ झाला.) आणि मनात काय चालतं? “मुलाशी भांडतो. घर विकण्यावरून. तो काय म्हणेल, मी काय सुनावेन...” मैदानाभोवतीचा रस्ता इतका अंगवळणी पडलेला, की तिकडे लक्ष द्यावंच लागत नाही. मन रिकामं, मग ते तेच ते उगाळणारच.

विचार थांबवा, असं मी सांगत नाही. दाबायला गेलं की ते जास्त उसळतात. घड्याळ घरी ठेवून रस्ता बदलायला सांगितलं. झाडं, शांतता बहुतेकांना मानवते. यांना मात्र मी मुद्दाम दादर स्टेशनजवळच्या फुलबाजारात पाठवलं. सकाळी तिथे झेंडू-शेवंतीचे ढीग, डोक्यावर ओझं घेऊन धावणारे हमाल, पायाखाली ओला पाला. लक्ष नसेल तर धक्का ठरलेला. भांडण आठवलंच तर ‘संध्याकाळी बघू’ म्हणायचं, आणि संध्याकाळी खरोखरच पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं.

सुरुवातीला वैतागले. “गर्दीत कसली आलीय शांतता?” मग हळूहळू मला झेंडूचे भाव सांगू लागले. वहीतलं भांडणही आटत गेलं आणि शेवटी एकच वाक्य उरलं: ‘घर विकल्यावर मी राहायचं कुठे?’ एवढ्या वादावादीत हे त्यांनी मुलाला विचारलंच नव्हतं. आता विचारलंय. वाद मिटलेला नाही, पण झोप लागते.

चालणं सगळ्यावर पुरेल असं मात्र नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर मदत घ्यायला उशीर करू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मोफत बोलता येतं.