नाटकाच्या मांडावरची साडी चालते, मग घरातली का नाही?

मागच्या अंकात एका वाचकाने लिहिलं होतं की मी पुरुष आहे, नोकरी करतो, आणि मला साडी नेसायला आवडते. एवढंच. सल्लाबिल्ला काही मागितला नव्हता, आम्ही ते जसंच्या तसं छापलं, आणि या महिन्यात पत्रांचा जो गठ्ठा आलाय तो सगळा त्याच्यावरच. शिव्याही आहेत, त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांतली ही काही.

प्रश्न : ताई, मी फोंडा तालुक्यातली. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. नवरा हौसेने दशावतारात स्त्री पार्टी करतो, जत्रेत अख्खा गाव टाळ्या वाजवतो, सासूबाईच त्याला काठ बघून साडी काढून देतात. पण गेल्या महिन्यात माळ्यावर एक बॅग सापडली, त्यात दोन साड्या, ब्लाउज, बांगड्या, लिपस्टिक. विचारलं तर म्हणाला घरी कोण नसताना नेसतो, बरं वाटतं, लग्नाआधीपासून आहे. मी दोन दिवस जेवलेच नाही. हा आजार आहे का? उद्या हा मला सोडून कुठल्या पुरुषाकडे जाणार का? मुलांना काय सांगू?

आधी जेव बाई. आणि आजाराचं म्हणशील तर नाही, आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत हे असायचं, नव्या अकराव्या आवृत्तीत काढून टाकलं आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पण सांगतो की समाजाच्या रीतीत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. तेव्हा कोण औषध देतो, कोण बाबा उतरवून देतो असं सांगत आला तर दारातूनच परत पाठव.

दुसरं, साडी नेसावीशी वाटणं वेगळं, पुरुष आवडणं वेगळं आणि आपण आतून बाईच आहोत असं वाटणं ते आणखी वेगळं. कधी दोन गोष्टी एकाच माणसात असतात, कधी नसतात. बायको-मुलांत रमलेले आणि साडी नेसणारे पुरुष भरपूर आहेत, फक्त ते तुझ्या नवऱ्यासारखेच माळ्यावर बॅग ठेवून गप्प असतात. त्याचं नेमकं काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही, तूच विचार, पण पोलिसासारखी उलटतपासणी करू नको, नऊ वर्षं दडवलेलं माणूस एका रात्रीत घडाघडा बोलत नसतो.

आता तुझा राग. तो मला शंभर टक्के बरोबर वाटतो, पण तो साडीवर काढू नको, लपवण्यावर काढ. लग्नाआधीपासूनचं होतं तर सांगायला हवं होतं. ते त्याने कबूल करावं, तुझी माफी मागावी, आणि पुढे काय चालेल काय नाही ते दोघांनी मिळून ठरवावं. तुझ्या साड्यांना न विचारता हात लावायचा नाही, हे तू ठणकावून सांगू शकतेस. तुला त्याला तसं बघायचं नसेल तर नाही बघायचं, जबरदस्ती नाही. काही बायका पुढे जाऊन निऱ्या पण घालून देतात, काहींना कधीच जमत नाही, दोन्ही घरं चालतात. मुलं लहान आहेत, त्यांना बसवून भाषण द्यायची गरज नाही, बाबा नाटकात साडी नेसतात हे त्यांना माहीतच आहे ना, मग त्यांच्यापुढे तो विषय शरमेचा करू नको म्हणजे झालं. बोलायला कोण हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दोघं मिळून जायचं तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहेच. तिथे जायचं ते त्याला 'बरं' करायला नव्हे, तुमचं दोघांचं बोलणं मार्गी लागावं म्हणून.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात मला सारखी टोचली. तोच माणूस, तीच साडी, देवळापुढे नेसली तर सासूबाई काठ निवडतात. पेडण्यात एकदा काल्याच्या, म्हणजे दशावताराच्या खेळाच्या, रात्री मी रंगपटात डोकावले होते, खिळ्याला टांगलेला हाताएवढा आरसा, ओठांत चार सेफ्टी पिना, एक नट पदराच्या प्लेट्स काढत होता आणि खांद्याने मोबाईल दाबून घरी गॅस सिलिंडर आला का विचारत होता. दारात तीन-चार बायका उभ्या, पण एकही हसत नव्हती. त्यातली एक म्हणाली, "काका, पदर इतका चापून कसा बसवता, आम्हाला जमत नाही." काकांनी पिना काढून दाखवलं पण.

प्रश्न : ताई, आपण छापलंत ते वाचून वाईट वाटलं. ही फॅडं सगळी बाहेरून आलेली, मोबाईलमुळे. आपल्या संस्कृतीत पुरुष पुरुषासारखा आणि बाई बाईसारखी. — एक ज्येष्ठ वाचक, डिचोली

काका, म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात तुम्ही गेला असालच. म्हाळसेला आपण नारायणी म्हणतो, म्हणजे विष्णूचं मोहिनी रूप, आणि पुरुषदेवांना असतं तसं जानवं तिच्या अंगावर असतं. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या मुलीला नाच शिकवत होता हे तर तुम्ही मला सांगाल. पण खरं सांगू, पुराणातली उदाहरणं देऊन वाद जिंकायचा मला कंटाळा आहे, कारण अर्जुनाची वर्षाची मुदत होती, ती संपल्यावर गांडीव उचललं आणि झाला मोकळा, मुदतीचं सोंग सगळ्यांनाच चालतं. कार्निव्हलला पणजीत किंग मोमोच्या, म्हणजे कार्निव्हलच्या राजाच्या, मागे फ्रॉक घालून नाचणारे काय कमी असतात, पण बुधवारी सकाळी कोणी घालून दाखवा.

मला जवळचं वाटतं ते नाटकाचं. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ, १९०० चा जन्म, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, आणि नायिकेच्या भूमिकेत लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. बालगंधर्वांचं तर काय सांगावं, त्यांनी नेसलेल्या साड्या, शालू, केसांतली फुलं बघून चांगल्या घरच्या बायका तसं करायच्या, आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत जो संयुक्त प्रयोग झाला त्यात केशवराव भोसले नायक आणि नायिका बालगंधर्व. तियात्रातही, म्हणजे आपल्या कोकणी नाटकातही, तेच, १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि स्टेजवर पहिली बाई आली १९०४ मध्ये, तोवर बायकांची कामं पुरुषांकडेच.

आता म्हणून आपला समाज तेव्हा फार मोठ्या मनाचा होता असं मी म्हणत नाही. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा नाही म्हणून पुरुषांना साडी नेसावी लागली, त्यात कौतुकासारखं काही नाही. पुढे बायका स्टेजवर आल्या, आल्या ते उत्तमच झालं. पण त्यानंतर पुरुषाच्या साडीला काम उरलं ते एकच, हसवायचं. टीव्ही लावा कॉमेडीचा, मिशीवाला गडी परकर खोचून आला की अर्धा विनोद तिथेच झाला, लिहायची गरज नाही. आपल्या पणज्यांना साडीतला पुरुष बघून हसू येत नव्हतं, त्या पदराचा काठ बघायच्या. आपण ती सवयच घालवून बसलो, दशावतारापुरती थोडी उरलीय. तेव्हा बाहेरून काही आलं असेल तर ते हसणं आलंय असं माझं मत, पटत नसेल तर पुढचं पत्र जरूर पाठवा, छापू.

आणि कोणी काय घालायचं यावर पहारा बसला की काय होतं ते गोव्याला कोणी शिकवायला नको. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती झालेल्यांना धोतर आणि चोळी नेसायची बंदी केली होती, घरात सुद्धा. पलीकडे ब्रिटिश मुलखात १८७१ चा कायदा होता, सरकारी यादीत नाव असलेला तृतीयपंथी रस्त्यावर बायकी कपड्यांत दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद. असल्या हुकमांच्या बाजूने उभं राहायचं का हे तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी भावाची जीन्स, शर्ट, त्याचं जॅकेट सगळं घालते, कोणी काही बोलत नाही, उलट स्मार्ट दिसतेस म्हणतात. त्याने एकदा माझा कुर्ता आणि झुमके घातले तर बाबांनी थोबाडीत मारली. असं का? — बारावी, मडगाव

कारण तू त्याचे कपडे घातलेस की लोकांना वाटतं पोरगी एक पायरी वर चढली, आणि त्याने तुझे घातले की वाटतं खाली उतरला. म्हणजे मार भावाला पडला पण कमी कोणाला लेखलं? तुला. हे बाबांना विचार, जेवताना विचार, आई पण ऐकू दे. आणि तुझी जीन्स पण आपोआप आलेली नाही हां, पॅरिसमध्ये १८०० साली बाईला पँट घालायची तर पोलिसांची परवानगी लागेल असा हुकूम निघाला होता, तो रद्दबातल असल्याचं फ्रान्स सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये. भावाला म्हणावं झुमके पुन्हा हवे तर विचारून घे, ओढून कान फाटतो.

प्रश्न : कार्निव्हलला फ्रॉक आणि विग घातला, मजा आली, नंतर घरी पण घालून फोटो काढले. ऑनलाईन ओळख झालेल्या एकाला पाठवले. आता तो म्हणतो पंधरा हजार दे नाहीतर तुमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पोलिसांत गेलो तर मलाच आत टाकतील का? — वय २१, म्हापसा

नाही टाकणार. पुरुषाने बायकांचे कपडे घालणं हा भारतात गुन्हाच नाही. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट म्हटलंय की माणूस आपली लिंगओळख कपड्यांतून दाखवतो ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. तो निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता पण कपड्यांबद्दल जे म्हटलंय ते तुझ्या कामाचं आहे. गुन्हा तो करतोय, खंडणीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. एक पैसा देऊ नको, एकदा दिला की दर महिन्याला मागेल. चॅट डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढ, नंबर, युपीआय आयडी, तारखा सगळं ठेव, मग ब्लॉक कर, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक. पोलीस स्टेशनला एकटा जाऊ नको, सोबत कोणीतरी मोठं माणूस ने. तिथे कोण दात काढायला लागलं तर मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० नंबर आहे.

आणि घरात एका माणसाला आजच सांग. आई, आते, मोठी बहीण, कोण जवळचं असेल ते. ग्रुपवर पडायच्या आधी घरच्यांना तुझ्या तोंडून कळलं तर त्या माणसाच्या हातात काही राहत नाही. फोटो पडलेच तर दोन दिवस बोंबाबोंब होईल, मग कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका येईल ग्रुपवर आणि विषय खाली जाईल.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा नेलपॉलिश लाव म्हणून रडतो. लावू का?

लाव. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून मुलग्यांना परकर-पोलकं, वेणी, फुलं घालून फोटो काढायचे, तुमच्या सासऱ्यांचाच एखादा निघेल अल्बममध्ये. शाळेचा नियम असेल तर रविवारी रात्री काढा.

प्रश्न : मागच्या अंकात पत्र लिहिणारा तो मीच. छापल्याबद्दल थँक्यू. आता खरा प्रश्न : साडी कशीही बसते हो, पण ब्लाउजचं काय करू? बायकोचा होत नाही, टेलरकडे जायची लाज वाटते.

साडी साडेपाच मीटर, ती कोणाला नाही म्हणत नाही, अडतं ते ब्लाउजवरच. रेडीमेडमध्ये ताणणारे होजिअरीचे ब्लाउज मिळतात, ऑनलाईन मागवा, पण छातीच्या मापावर जाऊ नका, खांद्याचं आणि मुंढ्याचं माप बघा, पुरुषाचा ब्लाउज तिथेच उसवतो. शिवूनच घ्यायचा तर नाटकवाल्यांचे कपडे शिवणारा टेलर गाठा, फोंडा-पेडणे पट्ट्यात कुठल्याही हौशी मंडळीला विचारलं तर पत्ता देतील, त्याला चाळीस-बेचाळीस छातीचे ब्लाउज शिवायची सवय असते आणि तो कशाला म्हणून विचारत नाही. कापड सुतीच घ्या, आपल्या घामाला सिंथेटिक टिकत नाही. बाही कोपरापर्यंत, अस्तर नक्की, हूक पुढे म्हणजे एकट्याला लावता येतील, आणि आत दोन्ही बाजूंनी इंचभर कापड सोडायला सांगा, चतुर्थीनंतर लागेल.