हॅलोवीनचं मूळ असलेला आयर्लंडचा साउइन सण म्हणजे तिथला पितृपक्षच का?

साम्य आहे, पण साउइनची मुळं गुराढोरांत आहेत. ३१ ऑक्टोबरला दिवस मावळला की उन्हाळा संपला, हिवाळा लागला, असं जुने आयरिश लोक मानत. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची. हिवाळ्यात पोसता येणार नाहीत तेवढी कापायची. वर्षाच्या त्या सांध्यावर गेलेली माणसं घरी येतात, ही समजूत. म्हणून रात्री चूल विझू देत नसत, त्यांच्यासाठी खाणं काढून ठेवत. मला हे फार हृद्य वाटतं.

हॅलोवीनला चेहरा कोरतात तो भोपळा नंतरचा, अमेरिकेतला. आयर्लंडमध्ये सलगम हा कंद कोरत. मेयो काउंटीतल्या कंट्री लाइफ संग्रहालयात अशा एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे: खोल गेलेले डोळे, विचकलेले दात, सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखा चेहरा. भोपळ्यापेक्षा कितीतरी भयाण.