अमेरिकेत कॉलेजचा शोध: यादी खालून वर बांधा

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नुकतीच अकरावीत, म्हणजे ज्युनियर वर्षात गेली. अनवेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा वजन न देता काढलेली गुणांची सरासरी, ४ पैकी) ३.८, ओढा कॉम्प्युटर सायन्सकडे, घरात सात-आठ मोठ्या नावांची चर्चा. सुरुवात कुठून करायची आणि कन्सल्टंट लावायचा का?

ताई, ती सात-आठ नावं तूर्त बाजूला ठेवा. आधी असं एक कॉलेज शोधा जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, खर्च झेपणारा आहे आणि मुलगी तिथे खुशीने जाईल. तिन्ही अटी एकाच कॉलेजने पुऱ्या करायला हव्यात. 'सेफ्टी' म्हणून जी कॉलेजं सर्रास लिहिली जातात, त्यांतली बरीच दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या अटीत नापास होतात आणि ते एप्रिलमध्ये कळतं. अशी दोन सापडली की मग वर चढा. मोठी नावं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप यादीत येतात.

दुसरी अट तपासणं हे पालकांचं काम. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील, त्याचा अंदाज तो देतो. मागचं टॅक्स रिटर्न आणि खात्यांतल्या शिलका घेऊन बसा, एका कॉलेजला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत असाल तर नामांकित खासगी विद्यापीठात बहुधा पूर्ण किंमतच दिसेल, आणि ती आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारखी आठ) विद्यापीठं गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, त्यांची मदत फक्त गरजेवर. उलट अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी जीपीए आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांच्या तक्त्यावरून शिष्यवृत्ती आपोआप ठरते. घरात किती देणं शक्य आहे तो आकडा मुलीला आत्ताच सांगा. तो लपवला तर स्वीकृतीचं पत्र हातात आल्यावर सांगावा लागतो.

फेडरल मदतीचा फॉर्म म्हणजे फॅफ्सा. तो बारावीच्या १ ऑक्टोबरपर्यंत खुला होतो, पण उत्पन्न दोन वर्षं मागचं बघतो: २०२७च्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला) कॉलेजात जाणाऱ्यांसाठी २०२५चं. थोडक्यात, दहावीचा जानेवारी ते अकरावीचा डिसेंबर. त्या काळात आरएसयू (कंपनीने पगाराबरोबर देऊ केलेले शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे तुमच्या मालकीचे झाले, किंवा शेअर विकून नफा झाला तर तो उत्पन्नात धरला जातो. राहतं घर आणि ४०१-के हे निवृत्तीचं खातं फॅफ्सात मोजत नाहीत. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यातल्या) ठेवी मात्र मोजतात. 'भारतातलं कोण बघतंय' म्हणून त्या गाळू नका, माहिती खरी असल्याबद्दल तुम्ही सही करता. मुलीच्या नावावरचे पैसे २० टक्क्यांनी धरतात, पालकांचे जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. 'दोन मुलं एकदम कॉलेजात असली की मदत वाढते' हा सल्ला फॅफ्सापुरता जुना झाला, ती सवलत २०२४-२५पासून गेली. बरीच खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा आणखी एक फॉर्म मागतात आणि त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात.

व्हिसाचाही प्रश्न आहे. मुलगी अमेरिकन नागरिक असेल तर तुमच्या एच-१बीने (नोकरीच्या व्हिसाने) तिच्या फेडरल मदतीला बाधा येत नाही. ती एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर फेडरल मदत नाही. राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होते का, ते राज्याराज्यावर अवलंबून. कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या. एकवीस पूर्ण होताच एच-४ संपतो, त्यामुळे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा कधी घ्यायचा याचा विचार बारावीतच करावा लागतो.

आता कॉम्प्युटर सायन्स. 'आत शिरू, मग मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलू' हा बेत या विषयात बऱ्याच ठिकाणी फसतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या वर्षी थेट कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला नाही तर नंतरची वाट फार अरुंद आहे. अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठातही मेजर बदलून आत येणं अवघड, आणि मेरीलँड विद्यापीठाने २०२४पासून हा विषय मर्यादित प्रवेशाचा केला. तुमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्स न्यू ब्रन्सविकला, कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंग स्कूलमध्ये नाही, आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये आहे. हे न बघता अर्जात इंजिनिअरिंग निवडणारे दर वर्षी असतात. म्हणून प्रत्येक कॉलेजचं मेजर बदलण्याच्या नियमांचं पान वाचल्याशिवाय नाव पक्कं करू नका.

रँकिंगपेक्षा कॉमन डेटा सेट वाचा, म्हणजे कॉलेजं एकाच ठरावीक नमुन्यात देतात ती आकडेवारी. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द गुगलवर टाकले की बहुतेकांची पीडीएफ मिळते. त्यातल्या सी-१ या भागामध्ये अर्ज किती आले आणि किती स्वीकारले, सी-७मध्ये कॉलेज कशाला किती वजन देतं, सी-९मध्ये एसएटीचे आकडे. सी-७मध्ये 'अर्जदाराने दाखवलेला रस' महत्त्वाचा लिहिला असेल तर त्यांच्या ऑनलाइन सत्रांना मुलीने स्वतःच्या ईमेलने नाव नोंदवावं. वीस टक्क्यांहून कमी अर्ज स्वीकारणारं कॉलेज कोणासाठीही 'रीच'च (मिळेल याचा भरवसा नाही असं), गुण कितीही असोत. आणि पूर्ण विद्यापीठाचा टक्का बघून कॉम्प्युटर सायन्सचा अंदाज बांधू नका, तिथला बहुधा बराच कमी असतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात: अकरावीच्या ऑक्टोबरातली पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी धरली जाते. एसएटी मार्च ते जूनमध्ये एकदा आणि गरज पडली तर ऑगस्टमध्ये पुन्हा, एवढं पुरतं. एमआयटी, जॉर्जिया टेक यांना एसएटी किंवा तिच्यासारखीच दुसरी परीक्षा एसीटी, यांचे गुण लागतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅम्पसं प्रवेशासाठी ते बघतच नाहीत. जिथे ऐच्छिक आहे तिथे सी-९मधल्या मधल्या आकड्याच्या वर असाल तर पाठवा.

शिफारसपत्रांसाठी अकरावीच्या दोन मुख्य विषयांच्या शिक्षकांना एप्रिल-मेमध्येच विचारावं, आणि ते मुलीने समोर जाऊन. लोकप्रिय शिक्षक ठरावीक संख्येनंतर नाही म्हणतात. निबंधाचा कच्चा खर्डा उन्हाळ्यात. कॉमन ॲप म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्याचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. ॲप दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने सुरू होतं, त्यात वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतात. आठ ते दहा पुरेत, कारण प्रत्येकाचे वेगळे पूरक निबंध असतात आणि पंधराव्याचा निबंध पंधराव्यासारखाच वाचला जातो.

कॉमन ॲपमध्ये अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या दहा जागा आहेत, प्रत्येकी वर्णनाला १५० अक्षरं. आपली मुलं इथेच मार खातात. 'बीएमएम' (बृहन्महाराष्ट्र मंडळ), 'अरंगेत्रम', 'गांधर्वची मध्यमा' वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. 'मराठी शाळेत मदत' ऐवजी किती मुलांना, आठवड्याला किती तास, काय शिकवलं आणि त्यातून काय तयार झालं ते लिहा. गणपतीच्या कार्यक्रमाचं ध्वनी-प्रकाश सांभाळणं हाही उपक्रम आहे. तो घरचाच म्हणून सोडू नका.

बारीक चुका महागात पडतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर ते एका जागी, शाळेत दुसऱ्या, एसएटीत गाळलेलं. मग गुण अर्जाशी जुळत नाहीत. सगळीकडे नाव एकसारखं ठेवा. शाळेचा ईमेल वापरू नका, तो शाळा संपल्यावर बंद होऊ शकतो. शिफारसपत्रं वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं. रटगर्सला विषय आणि ग्रेड स्वतः भरायचा एसआरएआर लागतो, आणि तो ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) समोर ठेवूनच भरावा. कॉलेजला ईमेल मुलीनेच करावा. 'आम्ही अर्ज करतोय' असं पालकांचं पत्र ऑफिसात लगेच ओळखू येतं.

अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन यांची गल्लत करू नका. दोन्हींत अर्ज लवकर जातो. डिसिजन बंधनकारक, एकाच कॉलेजला, त्यावर पालक आणि शाळेच्या काउन्सेलरचीही सही. ॲक्शनमध्ये तसं बंधन नाही. मदत अपुरी पडली तर सुटका मागता येते, पण शिष्यवृत्त्यांची तुलना करायची संधी गेलेली असते. ज्यांना आकडे शेजारी ठेवून ठरवायचंय त्यांनी ॲक्शनच धरावं. या लवकरच्या अर्जांच्या मुदती बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या जानेवारीच्या सुरुवातीला. बंधन नसेल तर कुठे जाणार हे तुम्ही कॉलेजला १ मेपर्यंत कळवायचं.

न्यू जर्सीत आणखी एक वाट आहे जिला घरात फार कमी किंमत मिळते. वर्गात वरच्या पंधरा टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स या राज्याच्या शिष्यवृत्तीतून काउंटी कॉलेजची (जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या कॉलेजची) शिकण्याची फी माफ होऊ शकते, आणि राज्यव्यापी करारामुळे दोन वर्षांची असोसिएट पदवी राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात पुढे चालते. सेफ्टीच्या खान्यात ही वाट लिहून ठेवाच.

कन्सल्टंटचं म्हणाल तर शाळेचा काउन्सेलर फुकट आहे आणि गेल्या काही वर्षांत तुमच्याच शाळेतून कोणत्या गुणांवर कुठे प्रवेश मिळाले, ते नेव्हियन्स किंवा स्कॉयर या शाळांच्या सॉफ्टवेअरवर तो दाखवू शकतो. ही माहिती बाहेरच्या माणसाकडे नसते. जानेवारीत त्याची वेळ घ्या, जाताना दोन सेफ्टींची नावं घेऊन जा. त्यानंतरही शंका उरली तर यादी तपासून घ्यायला तासावर पैसे घेणारा माणूस बघा. प्रवेशाची हमी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.