भन्साळींच्या 'लव्ह अँड वॉर'ची तुम्हाला उत्सुकता वाटते की धास्ती?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडलीय: 'बाजीराव मस्तानीतल्या लढाया जबरदस्त होत्या, मग युद्धपट त्यांना का जमणार नाही?' त्या ओळीसाठी लिहायला बसलो. बाकी रणबीर, आलिया, विकी कौशल एकत्र, जानेवारी 2024 मध्ये घोषणा, 2025च्या नाताळाचा मुहूर्त हुकला, हे तुम्हाला माहीतच असणार.

मला त्या लढाया पटल्या नाहीत. दिसायला देखण्या होत्या यात वादच नाही. पण फौजेकडं दाणागोटा किती दिवसांचा आहे, घोडी पाणी कुठं पितात, समोरचा नेमका कशात अडकलाय, याचा पत्ता लागत नाही. नाचगाण्याला जेवढा वेळ दिला त्याच्या पावपट तरी याला द्यायचा होता.

मी जालन्याचा. डिसेंबर 2015 मध्ये सासरकडच्या एका साखरपुड्यासाठी आम्ही सगळे तेव्हाच्या औरंगाबादला जमलो होतो. सिनेमा शुक्रवारी, 18 तारखेला लागला आणि पुण्याहून आलेल्या साडूभाऊंनी शनिवारची तिकिटं सगळ्यांसाठी काढली. माझे वडील, अण्णा, हेही आले. अण्णांची अख्खी नोकरी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुनीम म्हणून गेली, पण माणूस वाचणारा. ज्या 'राऊ' कादंबरीवरून सिनेमा केला ती ना. सं. इनामदारांची कादंबरी त्यांनी दोनदा वाचलेली, आणि सरदेसायांची 'रियासत', म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे ग्रंथ, घरात गहू-ज्वारीच्या कोठीशेजारी ठेवलेली.

त्या आधी पुण्यात सिनेमातल्या 'पिंगा' गाण्यावरून बरंच रामायण झालं होतं. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतीलच कशा, वगैरे. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. तन्वी आझमींची राधाबाई, म्हणजे बाजीरावाची आई, पाहून ते म्हणाले, "म्हातारी खरी वाटली." (पुढं तन्वींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भन्साळींनाही दिग्दर्शनाचा मिळाला, म्हणजे माझ्या मताला कोण विचारतो.)

बाहेर चहाला थांबलो. साडूभाऊ रंगात आले होते. म्हणाले, "काही म्हणा अण्णा, आमच्या पेशव्यांनी निजामाला लोळवला. तुम्ही मराठवाड्याचे लोक तेव्हा निजामाकडचेच ना?"

सगळे हसले. माझी बायकोही हसली, ते मी अजून विसरलो नाही. अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पाहुणे, सकाळी गाडी काढू. पालखेडला जाऊन येऊ."

"पालखेड? ते नाशिककडं धरण आहे ते?"

ज्या मोहिमेमुळं बाजीराव बाजीराव झाला, तिचं गाव वैजापूर तालुक्यात आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. धरणाचं पालखेड वेगळं. सिनेमात रझा मुराद निजाम झाले आहेत, पण निजामाला खरा जिथं कोंडला त्याची ती सगळी करामत तीन तासांत कुठंच नाही.

रविवारी सकाळी आमच्या गाडीतून गेलो. पाहायला काय होतं, तर काही नाही. ते दुष्काळाचं वर्ष होतं, सलग दुसरं. कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा वाढलेली नाही, तूर जागेवर वाळलेली, रस्त्याच्या कडेला निळ्या ड्रमांची रांग आणि टँकरची वाट पाहत बसलेल्या बाया. आमची पांढरी गाडी पाहून एकीनं विचारलं, "पंचनाम्याला आलात का, सायेब?" साडूभाऊंनी गॉगल काढून खिशात ठेवला.

अण्णांनी तिथं बांधावर उभं राहून सांगितलं ते थोडक्यात असं. 1727च्या पावसाळ्यानंतर बाजीराव हलक्या घोडदळानिशी निघाला. जड तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत. आधी जालना आणि सिंदखेडचा मुलूख लुटला. होय, आमचाच. 'जालना सोने का पालना' म्हणतात, तिथं हात मारायचं सोडून कोण पुढं जाईल? मग वऱ्हाडाच्या अंगानं खानदेश, बऱ्हाणपूरवर जातो अशी हूल, आणि गेला गुजरातेत. निजाम तोफखाना ओढत मागं मागं. शेवटी दमून त्यानं पुण्याकडं मोर्चा वळवला. बाजीराव पुणं सोडवायला आलाच नाही. तो औरंगाबादवर चालून आला. निजामाला परत फिरावं लागलं, घाईत जड तोफा मागं टाकाव्या लागल्या, आणि फेब्रुवारी 1728 मध्ये तो पालखेडच्या रानात सापडला.

"मग लढाई नेमकी कुठल्या बाजूला झाली?" साडूभाऊंनी मोबाइलचा कॅमेरा वर केला.

"तशी झालीच न्हाई," अण्णा म्हणाले. "कोंडलं. दाणा तोडला, पाणी तोडलं. तिसरं काय लागतं? त्या बाईला इचारा पाण्याबिगर किती दिस निघतात."

6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला, दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई-सरदेशमुखी, म्हणजे महसुलातला वाटा, घ्यायचा मराठ्यांचा हक्क निजामानं मान्य केला. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी, त्यानं आपल्या युद्धेतिहासात याच मोहिमेची तारीफ केलीय. व्हॉट्सअॅपवर फिरतं म्हणून खोटं समजू नका, ते खरं आहे. गाडीत बसताना अण्णा एवढंच बोलले, की इथल्या कुणब्यानं निजामालाबी द्यायचं आन् चौथाईबी भरायची. कोणाकडचा होता तो, ते तुम्हीच ठरवा पाहुणे.

साडूभाऊंच्या टोमण्याला माझं उत्तर मला जालन्याला परतल्यावर सुचलं, नेहमीसारखं. बाजीराव गुजरात-खानदेशात दौडत होता तेव्हा निजाम कुठं होता? पुण्यात. शाहू महाराजांऐवजी कोल्हापूरच्या संभाजीराजांना तिथं छत्रपती म्हणून पुढं करत होता. तर साडूभाऊ, त्या हिवाळ्यात निजामाकडचं कोण होतं? (शनिवारवाडा तेव्हा बांधलेलाही नव्हता, हेही लिहून ठेवा.)

आता तुमचा प्रश्न. लढाईची आखणी, दमवणं, वाट पाहणं, रसद, हे भन्साळींच्या हातचं काम नाही. त्यांना धूळही झुंबरासारखी लटकवायची असते. 'पद्मावत'च्या वेळी लोकांनी जयपूरला आणि कोल्हापूरला सेटवर जो धिंगाणा घातला त्याच्याशी माझ्या तक्रारीचं काही नातं नाही. सेट जाळणाऱ्यांना सिनेमाशी देणंघेणं नव्हतं. माझी तक्रार तिकीट काढणाऱ्याची आहे.

पण एक प्रसंग मी विसरू शकत नाही. शेवटी तापानं फणफणलेला बाजीराव नदीत उतरून, समोर कुणी नसताना, भासातल्या घोडेस्वारांवर तलवार चालवतो. अख्ख्या सिनेमात लढाई म्हणून मला पटली ती हीच. बाजीराव गेला त्या दिवशी, रावेरखेडीला 28 एप्रिल 1740 रोजी, असं काही घडलं असेल की नाही कोण जाणे, बहुधा नाहीच. पण शत्रू माणसाच्या डोक्यात असला की हा दिग्दर्शक बरोबर असतो. त्यामुळं 'लव्ह अँड वॉर'मध्ये युद्ध त्या तिघांच्या आत असेल तर मी खूश होऊन बाहेर येईन. बाहेरच्या युद्धावर भर दिला असेल तर मध्यंतरात समोसा घेऊन जरा उशिरानंच आत जाईन.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: हा पेशवाईचा सिनेमा नाही, त्यामुळं माझ्या निम्म्या तक्रारी त्याला लागूच होत नाहीत. मी इतिहासाचा अभ्यासकही नाही, मोंढ्यात बियाण्याचं दुकान आहे. 'खामोशी' आणि 'ब्लॅक' मी आजही पुन्हा पाहू शकतो, म्हणून माणूस वाईट म्हणत नाही.

पहिल्या दिवशी जाणार का? जाणार. तुम्हीही जा, पण ज्याच्याशी नंतर साखरपुड्यात भेट होणार आहे अशा नातेवाइकाला सोबत नेऊ नका. साडूभाऊंना कुणी हे उत्तर दाखवलं तरी हरकत नाही. 2015ची तिकिटं त्यांनी काढली होती, ते कबूल. पालखेडचं पेट्रोल आमचं होतं.